शांततेचे हप्ते

बँकेत असताना घरबांधणीच्या कर्जाच्या शेकडो फाइली माझ्या टेबलावरून गेल्या. नकाशा, अंदाजपत्रक, पगाराचा दाखला, दोन जामीनदारांच्या सह्या. पायासुद्धा खणलेला नसे, पण घराचं नाव बहुतेकांनी ठरवून ठेवलेलं असे. मातृछाया, श्रमसाफल्य, विसावा. या शेवटच्या नावाचं मला नेहमी हसू येई. वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घ्यायचे आणि घराला नाव द्यायचं विसावा!

लेक आणि जावई नोकरीनिमित्त हेलसिंकीत होते, तेव्हा एका उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. एका रविवारी जावयाने आम्हाला शहराच्या उत्तरेला अडतीस-एक किलोमीटरवर यार्वेनपा नावाच्या गावी नेलं. पाइनच्या झाडीत लाकडी ओंडक्यांचं एक घर. नाव आइनोला. फिनिश भाषेत नावापुढे ‘ला’ लागला की ते त्या माणसाचं ठिकाण होतं. आइनोला म्हणजे आइनोचं घर. आइनो ही घरधनीण. पण जग हे घर ओळखतं ते तिच्या नवऱ्यामुळे, संगीतकार यान सिबेलियसमुळे. त्या घरात शिरताना मला कोण जाणे का, माझ्या जुन्या फाइली आठवल्या. नंतर त्याचं चरित्र वाचलं, तेव्हा कळलं की आठवण अगदीच अस्थानी नव्हती.

सिबेलियसचा जन्म ८ डिसेंबर १८६५चा, हामेनलिना या गावातला. वडील डॉक्टर. मुलगा जेमतेम अडीच वर्षांचा असताना ते टायफसच्या साथीत गेले आणि मागे ठेवून गेले ते कर्ज. म्हणजे कर्जाशी या माणसाची ओळख सुरांच्याही आधीची. त्याला व्हायचं होतं व्हायोलिनवादक. ते जमलं नाही आणि तो रचनेकडे वळला. १८९२मध्ये त्याचं आइनो यार्नेफेल्टशी लग्न झालं. ती एका सरदार घराण्यातल्या जनरलची मुलगी. तिचे भाऊ चित्रकार, लेखक, संगीतकार. घर सुसंस्कृत आणि फिनिश भाषेचं कट्टर अभिमानी.

फिनलंडवर तेव्हा रशियाच्या झारची सत्ता होती. १८९९मध्ये झारने फिनलंडचे अधिकार आवळायला सुरुवात केली आणि देश खवळला. त्याच वर्षी सिबेलियसने एका देशभक्तिपर कार्यक्रमासाठी जे संगीत लिहिलं, त्याचा शेवटचा भाग पुढे ‘फिनलांडिया’ या नावाने जगभर गेला. रशियन अधिकाऱ्यांना खटकू नये म्हणून तो कधीकधी भलत्याच नावाखाली वाजवला जाई. वयाच्या पस्तिशीच्या आत हा माणूस एका राष्ट्राचा आवाज होऊन बसला. १८९७पासूनच सरकार त्याला वर्षाला ३००० मार्कांचं मानधन देत होतं.

वाचणाऱ्याला वाटावं, आता काय कमी आहे? कमी होती ती शांतता. हेलसिंकीत त्याला कोणी एकटं सोडत नव्हतं आणि त्यालाही एकटं राहवत नव्हतं. काम्प नावाच्या बड्या हॉटेलात मित्रांच्या मैफली बसत, त्या दिवसच्या दिवस उठत नसत. दारू, उंची सिगार, उंची कपडे. हातात आलेला पैसा रात्रीतून जाई. व्यवहार तर असा की १९०३मध्ये मेहुण्याच्या नाटकासाठी लिहिलेला एक छोटासा ‘वाल्स त्रिस्त’ त्याने प्रकाशकाला किरकोळ रकमेत कायमचा विकून टाकला. पुढे तो तुकडा युरोपभर हॉटेलांतून आणि कॅफेंतून वाजत राहिला. पैसे मिळाले ते प्रकाशकाला. याच काळात, १९००मध्ये, त्याची धाकटी मुलगी किर्स्ती तान्ही असतानाच टायफसने गेली. घर उदास झालं आणि घरधनी घराबाहेरच जास्त राहू लागला.

तेव्हा हितचिंतकांनी आणि आइनोने ठरवलं की याला शहरातून काढायचं. तुसुला तलावाच्या काठी लेखक युहानी आहो, चित्रकार पेक्का हालोनेन आणि आइनोचाच भाऊ ऐरो यार्नेफेल्ट आधीच येऊन राहिले होते. तिथे जागा घेतली, वास्तुशिल्पी लार्स सोंक याने घराचा आराखडा केला, कर्ज काढलं आणि सप्टेंबर १९०४मध्ये कुटुंब राहायला आलं. घराला नाव बायकोचं दिलं, तिथवर त्याचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा.

पण माझ्यातला बँकवाला लगेच हिशेब मांडू लागतो. शांततेसाठी घर, घरासाठी कर्ज, कर्जासाठी काम, आणि कामासाठी पुन्हा शहर! १९०५मध्ये त्याने बर्लिनच्या लीनाऊ या प्रकाशकाशी करार केला, वर्षाला चार मोठ्या रचना देण्याचा. सिंफनीसारख्या गोष्टीचे तिमाही हप्ते! ते अर्थातच फेडता आले नाहीत. मग पैशासाठी ऑर्केस्ट्रांचं संचालन करत त्याला परदेशी हिंडावं लागे. हेलसिंकीची गाडीही जवळच होती. कामाचं निमित्त काढून तो शहरात जाई आणि दिवसेंदिवस परतत नसे. १९०७च्या सुरुवातीला आइनो इतकी खचली की तिला विश्रांतीसाठी ह्युविंक्याच्या आरोग्यधामात ठेवावं लागलं. जिच्या नावाचा विसावा बांधला होता, तिलाच विसाव्यासाठी घर सोडावं लागलं.

१९०८मध्ये त्याच्या घशात गाठ निघाली. बर्लिनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि मरणाच्या भीतीने त्याने दारू आणि सिगार सोडले. पुढची सुमारे सात वर्षं आइनोने आयुष्यातली सुखाची वर्षं मानली. त्याच काळात, १९११मध्ये, त्याची चौथी सिंफनी आली, गंभीर आणि अत्यंत काटकसरीची. टाळ्या मिळवण्याचा तिने जरासुद्धा प्रयत्न केला नाही. त्याच वर्षी माडी पूर्ण झाली आणि त्याला वर कामाची खोली मिळाली. २१ एप्रिल १९१५ रोजी त्याने डोक्यावरून घिरट्या घालत जाणारे सोळा हंस पाहिले. ते पाचव्या सिंफनीच्या शेवटच्या भागाशी कायमचे जोडले गेले. हे घर नसतं तर ते हंसही दिसले नसते. तेव्हा एकांताची जमेची बाजूही नोंदवलीच पाहिजे.

आता खर्चाची बाजू. त्या घरात सिबेलियस हयात असेपर्यंत नळ आला नाही. पाइपमधून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज त्याला नको होता. त्यामुळे पाणी बाहेरून आणावं लागे, आणि ते सिंफनी लिहिणारा माणूस आणत नसणार हे सांगायला नको. तो कामात असला की घरात कोणी गायचं नाही, वाजवायचं नाही. पाच मुली वाढल्या त्या अशा संगीतकाराच्या घरात, जिथे सुरांना वेळ पाहून तोंड उघडावं लागे. आइनोने मुलींना घरीच शिकवलं, कपडे शिवले, भाजीचे वाफे केले, सफरचंदाची झाडं लावली. त्या मळ्यावर घराचा बराच भार होता. पहिल्या महायुद्धात जर्मन प्रकाशकाकडून येणारे पैसे थांबले. मग तो पोटासाठी पियानोचे छोटे छोटे तुकडे लिहून देऊ लागला. १९१८च्या यादवीत लाल सैनिकांनी घराची झडती घेतली आणि कुटुंबाला काही काळ हेलसिंकीत आसरा घ्यावा लागला. याच वर्षांत दारूही परत आली होती.

स्वयंपाकघरापाशी आमची सौ. बराच वेळ उभी होती. मी माडीवरच्या त्याच्या खोलीबद्दल जावयाला विचारत होतो. तिने मला एवढंच विचारलं, की या बाईला स्वतःला कधी कोणी शांतता दिली का. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

पुढची हकीकत मला सर्वांत विलक्षण वाटते. १९२५मध्ये साठावा वाढदिवस देशाने साजरा केला, निधी जमवला, निवृत्तिवेतन वाढवलं. विसाचं दशक संपता संपता तो कर्जमुक्त झाला. आमच्या भाषेत, खातं बंद झालं. सातवी सिंफनी १९२४मध्ये आली होती, ‘तापिओला’ १९२६मध्ये. आता पैशाची विवंचना नाही, मुली मोठ्या झालेल्या, भोवती झाडी, घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आता उत्तमोत्तम संगीत यायला हवं होतं. आणि नेमकं तेव्हाच ते थांबलं. पुढच्या तीस वर्षांत मोठं असं एकही नवं काम बाहेर आलं नाही.

आठवी सिंफनी तो लिहीत होता. बोस्टनचे कुसेवित्स्की तिची वाट पाहत होते, लंडन वाट पाहत होतं. आज देतो, उद्या देतो असं चाललं होतं. १९३३मध्ये पहिल्या भागाची काही पानं नक्कल करणाऱ्याकडे गेलीसुद्धा. तिकडे कीर्ती मात्र वाढतच होती. इंग्लंड-अमेरिकेतले समीक्षक त्याला बीथोव्हनच्या रांगेत बसवू लागले होते. ज्याचं नाव बीथोव्हनबरोबर घेतलं जातं, त्याने पुढची ओळ लिहायची कशी? शहर मागे टाकता येतं, मित्र टाळता येतात. पण लोक आपल्याला जेवढं मोठं समजतात तेवढं मोठं असण्याची धास्ती माणसाच्या मागोमाग माडीच्या खोलीपर्यंत चढून येते. तिच्यासाठी दाराला कडी नसते.

चाळीसच्या दशकात एके दिवशी त्याने कपड्यांच्या टोपलीत हस्तलिखितं भरली आणि जेवणाच्या खोलीतल्या शेगडीत एकेक करून जाळली. आठवी सिंफनी त्यातच गेली असं मानलं जातं. ती हिरवी शेगडी आम्ही पाहिली. आइनोला ते पाहवलं नाही, ती खोलीतून निघून गेली. पण त्यानंतर नवऱ्याचं मन शांत झालं, असं तिनेच पुढे सांगितलं. चाळीस वर्षं घरभर जपलेल्या शांततेने जे दिलं नाही, ते त्या जाळाने दिलं.

शेवटची वर्षं सुखाची गेली. जगभरचे लोक भेटायला येत. १९५५मध्ये फिलाडेल्फियाचा ऑर्केस्ट्रा आला आणि नव्वदाव्या वाढदिवसाला चर्चिलने सिगार पाठवले. २० सप्टेंबर १९५७च्या संध्याकाळी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, तो त्याच घरात गेला. त्याच संध्याकाळी हेलसिंकीत त्याची पाचवी सिंफनी वाजत होती. आइनो त्यानंतर जवळजवळ बारा वर्षं तिथेच राहिली आणि १९६९मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. बागेत एकाच साध्या शिळेखाली दोघं आहेत. १९७२मध्ये मुलींनी घर सरकारला विकलं आणि १९७४पासून ते लोकांना पाहायला खुलं झालं.

परतीच्या वाटेवर गाडीत मला आमचं घर आठवत होतं. बँकेची नोकरी सांभाळून मी कादंबऱ्या लिहिल्या, असं कौतुक माझ्या वाट्याला बऱ्यापैकी आलं आहे. पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी मी दार लोटून बसायचो. त्या वेळी आमच्या घरातला मिक्सर मी आंघोळीला गेल्यावरच सुरू व्हायचा. दूधवाल्याला बेल वाजवायची नाही अशी ताकीद होती. मुलीने कविता पाठ करायच्या त्या गॅलरीत. हे सगळं कोणी ठरवलं, केव्हा ठरलं, मला पत्ताही नव्हता. मी समजत होतो, आमचं घरच शांत आहे. पंधरा वर्षं हप्ते जात होते आणि माझ्या खात्यातून एकही गेला नव्हता.

हे मी सौ.ला त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली की तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण आइनोच्या स्वयंपाकघरात ती एवढा वेळ का उभी होती, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता मी दार उघडं ठेवून लिहितो. सकाळी चटणी वाटली जाते, बेल वाजते, रेडिओही चालू असतो. लेखन कधी पुढे सरकतं, कधी अडतं. अडलं, तर ते मिक्सरमुळे नव्हे, एवढं मात्र आता मला कळतं.