तेलसाठ्यांच्या अंदाजाला पाया देणारे भूवैज्ञानिक डॉ. कृष्णन

चेन्नई – जमिनीखाली तेल आणि वायू किती आहे, याचा अंदाज विहीर खोदण्यापूर्वी बांधावा लागतो. त्यासाठी कोणती पद्धत निवडायची, हे उपलब्ध माहितीवर ठरते. भारताच्या संदर्भात या माहितीची पायाभूत मांडणी करणाऱ्यांमध्ये डॉ. महाराजपुरम सीताराम कृष्णन यांचे नाव अग्रभागी आहे.

भोसले राजघराण्यामुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या तंजावर इथे 1898 साली त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भूविज्ञानाचे शिक्षण घेऊन त्यांनी लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवली. 1924 साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले आणि 1951 साली या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले.

भारत आणि ब्रह्मदेशाच्या भूविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ 1943 साली मद्रासमध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या प्रदेशात कोणत्या काळातील खडक आहेत आणि त्यांचा परस्परांशी संबंध काय, याचे सुसंगत चित्र त्यात होते. पुढील अनेक पिढ्यांनी भूविज्ञानाचे धडे त्यातूनच घेतले.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात तेल निघत होते ते केवळ आसाममध्ये. त्याबाहेर तेल सापडण्याविषयी अनेक परदेशी तज्ज्ञ साशंक होते. 1955 साली तेल व नैसर्गिक वायू संचालनालय स्थापन झाले, तेव्हा सर्वेक्षण संस्थेतील भूवैज्ञानिकांनीच त्याचा आरंभ केला. पुढच्याच वर्षी त्याचे आयोगात रूपांतर झाले.

ज्या गाळखोऱ्यात विहिरी नाहीत, तिथे साधर्म्याची पद्धत वापरली जाते. तशाच रचनेच्या परिचित खोऱ्यात दर चौरस किलोमीटरला किती तेल आहे, यावरून नव्या खोऱ्याचा अंदाज केला जातो. तुलनेचे खोरे चुकले, तर संपूर्ण हिशेब चुकतो. म्हणूनच खडकांचा क्रम आणि रचना आधी ठाऊक असावी लागते. स्रोत खडकांचे नमुने मिळाल्यावर त्यांतील सेंद्रिय द्रव्यापासून किती तेल बनले असेल, हे मोजता येते. विहिरी वाढल्या की साठ्याच्या खडकाचे क्षेत्रफळ, जाडी आणि सच्छिद्रता यांवरून अधिक नेमके गणित मांडता येते.

खडक पृष्ठभागावर दिसत नाहीत, तिथे भूभौतिकी उपयोगी पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे पहिले संचालकपदही डॉ. कृष्णन यांनी भूषवले. 1970 साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची जन्मभूमी ज्या कावेरी खोऱ्यात आहे, तिथे 1960 च्या दशकातच खोदाई सुरू झाली होती. मात्र तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील नरिमनम इथे तेल सापडले ते 1985 साली. तो दिवस पाहण्यास ते हयात नव्हते.

2017 साली पूर्ण झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात देशातील 26 गाळखोऱ्यांमध्ये सुमारे 42 अब्ज टन तेलसममूल्य पारंपरिक संसाधने असल्याचा अंदाज व्यक्त झाला. हा आकडा भूगर्भातील एकूण साठ्याचा आहे. त्यातील काही भागच प्रत्यक्ष काढता येतो. ज्या खोऱ्यांत अद्याप पुरेशा विहिरी नाहीत, तिथे आजही तुलनेचाच आधार घ्यावा लागतो आणि त्या तुलनेसाठी डॉ. कृष्णन यांच्या पिढीने अभ्यासलेले खडकच प्रमाण ठरतात.