डॉ. जेम्स लिंड

आतड्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर शस्त्रवैद्याचे टाके काही दिवसच आधार देतात; कायमचा सांधा शरीरासच घडवावा लागतो. त्या सांध्याचे सूत म्हणजे कोलॅजन नावाचा चिवट तंतू. आणि ‘क’ जीवनसत्त्वावाचून त्यास बळकटी येत नाही. या ज्ञानाचा पाया घालणारे डॉ. जेम्स लिंड यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

लिंड यांचा जन्म १७१६ साली स्कॉटलंडातील एडिंबरो शहरी झाला. १७३९ साली ते ब्रिटिश आरमारात दाखल झाले. त्या काळी खलाशांस तोफांहून स्कर्व्ही रोगाचे भय अधिक असे. ताजी फळे व भाजीपाला न मिळाल्याने हिरड्या सुजत आणि भरलेल्या जखमाही पुन्हा उकलत. अॅन्सन यांच्या जगप्रदक्षिणेत (१७४०–४४) एका खलाशाची ५० वर्षांपूर्वीची जखम नव्याने उघडल्याची नोंद आहे.

१७४७ च्या मे महिन्यात ‘सॅलिसबरी’ जहाजावर लिंड यांनी १२ रोगी निवडले. सर्वांस अन्न एकच देऊन त्यांनी दोघादोघांवर निरनिराळे उपचार केले. कोणास शिरका, कोणास समुद्राचे पाणी; दोघांस मात्र रोज दोन संत्री व एक लिंबू. फळे सहा दिवसांतच संपली. तरी तेवढ्यात त्यांपैकी एक कामावर जाण्याजोगा झाला व दुसरा इतरांची शुश्रूषा करू लागला.

१७५३ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु थोरांच्या हातूनही चूक होते. रस टिकावा म्हणून तो आटवून ठेवण्याची त्यांनी शिफारस केली, आणि उष्णतेने त्याचा गुण बहुतांशी नाहीसा झाला. १७९४ साली ते निवर्तले; पुढील वर्षी आरमाराने लिंबाचा रस देण्याचे ठरविले. मधल्या ४८ वर्षांत कित्येक खलाशी प्राणास मुकले!

पुढे क्रँडन या अमेरिकन शस्त्रवैद्याने सहा महिने हे जीवनसत्त्व वर्ज्य केले. तेव्हा त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम आतून भरेना. जीवनसत्त्व देताच ती भरली. हा प्रयोग १९४० साली प्रसिद्ध झाला.

आंबटाने जखम चिघळते, असे समजून आपल्याकडे अनेक घरी रोग्यास लिंबू-आवळाही वर्ज्य करतात. तेलगावच्या आमच्या वाचकांनी हा समज सोडावा. आतड्याच्या रोग्यास काय व केव्हा द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे; परंतु त्यांनी अनुज्ञा दिल्यावर आपण भीतीपोटी हात आखडू नये, हाच या चरित्राचा बोध होय.