लिहिता-वाचता येत नसताना लंडनमध्ये खानावळ चालवणाऱ्या आजीबाई

दसरा-दिवाळी आली की पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. पोटासाठी घराला कुलूप लावून जाणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. विदर्भातल्या राधाबाई वनारसे यांनाही असंच गाव सोडावं लागलं. त्या पोचल्या मात्र थेट लंडनला.

यवतमाळ जिल्ह्यातलं चौसाळा हे त्यांचं गाव. शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. लहान वयात लग्न झालं, पाच मुली झाल्या आणि नवरा गेला. त्या काळी विधवेला सासरी किती थारा मिळायचा, हे सांगायला नको. अशात लंडनमध्ये राहणाऱ्या सीतारामपंत वनारसे या वयस्कर विधुराचं स्थळ आलं. राधाबाईंनी होकार दिला. सगळ्या मुलींना सोबत नेता आलं नाही, काहींना मागे ठेवावं लागलं. पुढे कितीही नाव झालं तरी ही वजाबाकी तशीच राहिली.

लंडनमधला संसारही टिकला नाही. सीतारामपंत वारले आणि राधाबाईंना ते घर सोडावं लागलं. इंग्रजी येत नव्हतं. भांडवल एकच होतं, ते म्हणजे हातची चव.

आता धंद्याचं गणित बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकायला जाणाऱ्या भारतीय पोरांची संख्या वाढत होती. ब्रिटनमध्ये 1954 पर्यंत रेशनिंग होतं, त्यामुळे शाकाहारी पोरांचे जेवणाचे हाल व्हायचे. वर कातडीचा रंग बघून घरमालक खोली नाकारायचे. 1968 चा कायदा येईपर्यंत ते बेकायदाही नव्हतं. राधाबाईंनी जेवणही दिलं आणि राहायला जागाही. जाहिरात करायची गरजच नव्हती, एक पोरगा दुसऱ्याला घेऊन यायचा. बघता बघता त्या लंडनच्या आजीबाई झाल्या.

भाषा येत नसली की परदेशात पहिला धंदा बऱ्याचदा खाण्याचा किंवा किराण्याचा असतो. लंडनजवळच्या न्यू माल्डनमध्ये आज कोरियन हॉटेलं आणि दुकानं दिसतात. कोरियन लोकांमध्ये 'के' नावाची पद्धत आहे, म्हणजे आपली भिशीच. त्यातून अनेकांच्या दुकानांचं भांडवल उभं राहिलं.

आजीबाईंना जाऊन चार दशकं झाली. सरोजिनी वैद्य यांनी 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची' या पुस्तकात त्यांचं आयुष्य लिहिलं. पुढे त्यांच्यावर मराठी रंगभूमीवर नाटकही आलं.