कन्फ्यूशियस : रीतीमागचा माणूस

माझे आजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. वडीलधाऱ्यांपुढे कसे उभे राहावे, पंगतीत आधी कोणाला वाढावे, याचे धडे आम्हां मुलांना उठता-बसता मिळत. त्या वयात मला त्या रीतभातीचा मोठा जाच वाटे. पुढे कन्फ्यूशियसचे नाव वाचनात आले, तेव्हा हा म्हणजे चीनमधले आमचे आजोबाच, अशी समजूत करून घेऊन मी पुस्तक मिटून ठेवले. ती समजूत किती उथळ होती, हे त्याचे चरित्र सावकाशपणे वाचल्यावर कळले.

आजच्या शांतुंग प्रांतातील च्यूफू हे त्याचे गाव. त्या काळी तेथे लू नावाचे लहानसे राज्य होते. परंपरेप्रमाणे त्याचा जन्म इ. स. पूर्व ५५१ चा. वडील शूर योद्धे. पण मूल तीन वर्षांचे असतानाच ते वारले आणि आईने हलाखीत त्याला वाढवले. तरुणपणी त्याने धान्याच्या कोठाराचे हिशेब ठेवले, गुरेमेंढरे सांभाळली. पुढे तो शिकवू लागला, तेव्हा गुरुदक्षिणा म्हणून सुकवलेल्या मांसाची जुडी घेऊन येणाऱ्या गरिबालाही त्याने कधी विन्मुख धाडले नाही.

त्या वेळी चौ घराण्याची सत्ता नावापुरतीच उरली होती. मांडलिक राजे आपसांत लढत होते, आणि लूमध्ये खरा अंमल तीन सरदार घराण्यांचा होता. पन्नाशीनंतर कन्फ्यूशियसला न्यायखात्याचे मंत्रिपद मिळाले, असे परंपरा सांगते. परंतु शेजारच्या राज्याने नाचगाणे करणाऱ्या सुंदर मुली नजराणा म्हणून धाडल्या, त्या ठेवून घेतल्या गेल्या आणि तीन दिवस दरबारच भरला नाही. कन्फ्यूशियसने राज्य सोडले. दरबारी चाकरी केलेल्या आपल्या घराण्यांना, असे उठून जाणे किती अवघड, हे निराळे सांगायला नको.

सुमारे चौदा वर्षे तो शिष्यांसह राज्याराज्यांतून हिंडला. एकदा वाटेत अन्न संपले, शिष्य आजारी पडले, आणि त्सू-लू हा तापट शिष्य चिडून विचारू लागला की सज्जनावरही अशी पाळी यावी काय? त्यावर गुरूने समजावले की येते. मात्र क्षुद्र मनुष्य अशा वेळी ताळतंत्र सोडतो. एकाही राजाने त्याचा सल्ला मानला नाही. अडुसष्टाव्या वर्षी तो रिकाम्या हाताने घरी परतला.

त्याच्या शिकवणीत दोन शब्द मुख्य : 'ली' म्हणजे रीत आणि 'जेन' म्हणजे माणुसकी. पोटात माणुसकी नसेल तर रीत पोकळ, हे त्याचे सांगणे. तबेला जळाला तेव्हा त्याने माणसांना इजा झाली काय, एवढेच विचारले. घोड्यांची चौकशी केली नाही.

पण मला गाठले ते येन ह्वेच्या मृत्यूने. हा त्याचा सर्वांत लाडका शिष्य. अत्यंत गरीब आणि अल्पायुषी. आयुष्यभर मर्यादा शिकवणारा हा वृद्ध त्या दिवशी मर्यादा सोडून रडला. मात्र शवपेटीला बाहेरची दुसरी पेटी करण्यासाठी मृताच्या वडिलांनी त्याचा रथ मागितला, तेव्हा त्याने साफ नकार दिला. या नकाराशी मी बराच अडलो. मला तो कोरडेपणाच वाटला. मग ध्यानात आले की त्याचा स्वतःचा मुलगाही त्याआधी वारला होता, आणि त्यालाही बाहेरची पेटी मिळाली नव्हती. मुलाला जे दिले तेच त्याला शिष्याला द्यायचे होते. इतर शिष्यांनी त्याचे न ऐकता थाटाने अंत्यविधी केला, तेव्हा येन ह्वेला मुलासारखे वागवता आले नाही, याचीच त्याला खंत वाटली.

इ. स. पूर्व ४७९ मध्ये तो गेला. शिष्यांनी तीन वर्षे सुतक पाळले. त्सू-कुंग तर आणखी तीन वर्षे थडग्यापाशी राहिला. पुढे त्याच्या परंपरेतील ग्रंथांवर सरकारी परीक्षा होऊ लागल्या, त्या १९०५ पर्यंत चालल्या. १९६६ मध्ये तरुण क्रांतिकारकांनी च्यूफूच्या स्मारकांची नासधूस केली; १९९४ मध्ये तीच जागा जागतिक वारशात गणली गेली.

आमचे आजोबा पंगतीत नेहमी शेवटी बसत, अगदी घरच्या गड्यालाही वाढून झाल्यावर. ही रीत त्यांनी का धरली, हे मी त्यांना कधी विचारले नाही.