पडून राहिलेल्या म्हाताऱ्यांना उभं करणाऱ्या डॉक्टर मार्जरी वॉरेन

घरातलं म्हातारं माणूस घसरून पडलं, खुब्याचं हाड मोडलं की आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो. आता या वयात कशाला त्रास द्यायचा, पडून राहू द्या त्यांना. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण हीच माया माणसाला कायमची अंथरुणाला खिळवते, हे नव्वद वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका डॉक्टर बाईंनी दाखवून दिलं. त्यांचं नाव मार्जरी वॉरेन. वृद्धांवर उपचार करणाऱ्या शाखेला जेरियाट्रिक्स म्हणतात, आणि वॉरेन यांना या शाखेची आई मानलं जातं.

जन्म १८९७ चा, लंडनचा. वडील वकील, पाच बहिणींत या थोरल्या. १९२३ साली डॉक्टर झाल्या आणि १९२६ मध्ये लंडनच्या पश्चिमेकडच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये लागल्या. ओढा होता सर्जरीकडे. जेरियाट्रिक्स हा शब्द अमेरिकेत १९०९ मध्येच निघाला होता, पण ब्रिटनच्या हॉस्पिटलांत म्हाताऱ्यांसाठी वेगळी शाखा वगैरे काही नव्हतं.

मग १९३५ साल उजाडलं. हॉस्पिटलच्या शेजारी एक जुनं वर्कहाऊस होतं. वर्कहाऊस म्हणजे ज्याला कुणी नाही, खायला नाही, त्याला ठेवून घेणारी सरकारी जागा. तिथं जायची वेळ येणं म्हणजे इंग्रज माणसाला सगळ्यात मोठी नामुष्की वाटायची. या वर्कहाऊसचा दवाखाना हॉस्पिटलला जोडला गेला आणि तिथल्या जुनाट आजारांच्या ७१४ रुग्णांची जबाबदारी वॉरेन यांच्यावर आली.

तिथलं चित्र काय होतं? अंधारे, कोंदट वॉर्ड. एकमेकांना खेटून खाटा, काहींना लहान मुलांच्या पाळण्यासारखे उंच कठडे. कुणाला अर्धांगवायू झालेला, कुणाचं हाड मोडलेलं, कुणी नुसतंच थकलेलं, तर कुणी भ्रमिष्ट. सगळे एकत्र. महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षं खाटेवर. नेमका आजार काय, हे अनेकांच्या बाबतीत कुणी धड तपासलेलंच नव्हतं. म्हातारपण हेच निदान आणि पडून राहणं हाच उपचार.

आता यातली गोम बघा. माणूस पडून राहिला की पायातली ताकद जाते, सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो. दिवसभर छताकडे बघून डोकंही भरकटायला लागतं. मग हे सगळं बघून लोक म्हणतात, वय झालं. म्हणजे निम्मा आजार आपणच तयार करायचा आणि नाव वयाचं!

वॉरेन यांनी काही चमत्कार केला नाही. त्यांनी एकेका रुग्णाला नव्या रुग्णासारखं पहिल्यापासून तपासलं. मग गट पाडले. हिंडू-फिरू शकणारे, खाटेवर असलेले पण लघवी-शौचावर ताबा असलेले, तो ताबा नसलेले, गोंधळलेले पण शांत, आणि ज्यांना वेगळं ठेवावं लागेल असे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. आज ही वाटणी जरा कोरडी वाटेल. पण त्यामुळे पहिल्यांदाच कुणाला कसली मदत लागते ते दिसलं.

नंतर वॉर्डाकडे वळल्या. भिंतींना उजळ रंग, चांगले दिवे, धरून चालायला कठडे, उठता-बसता येईल अशा खुर्च्या. डॉक्टर, नर्स, व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट आणि घरची परिस्थिती बघणारे समाजसेवक या सगळ्यांनी मिळून एका रुग्णाचा विचार करायचा, ही पद्धत घातली. अर्धांगवायू झालेल्यांना आणि पाय कापावा लागलेल्या म्हाताऱ्यांनाही पुन्हा उभं करायचं, यावर त्यांचा खास भर होता.

बरेच जण उठले. काही घरी गेले, काही वृद्धाश्रमात. ७१४ खाटांची गरज २४० वर आली, आणि एका खाटेवर पूर्वीच्या तिप्पट रुग्ण उपचार घेऊन जाऊ लागले. उरलेल्या खाटा छातीच्या रुग्णांना दिल्या गेल्या. मला वाटतं, सरकारचे कान टवकारले ते म्हाताऱ्यांच्या कळवळ्यापेक्षा या रिकाम्या खाटांमुळे. असू दे. काम झालं ना.

१९४३ आणि १९४६ मध्ये वॉरेन यांनी ब्रिटनच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिले. त्यांची मागणी साधी होती. वृद्ध रुग्णांना गावाबाहेरच्या कोपऱ्यात टाकू नका. त्यांचा विभाग मोठ्या हॉस्पिटलातच हवा, कारण तपासणीची साधनं तिथंच असतात. आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना, नर्सेसना तिथं शिकवा. वृद्धांची सेवा म्हणजे कमी दर्जाचं काम, ही समजूत जाईल तर शिकवण्यानेच.

१९४७ मध्ये मूठभर डॉक्टरांनी मिळून वृद्धांच्या उपचारांसाठी एक संस्था काढली, त्यात वॉरेन होत्या. हीच पुढे ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी झाली. १९४८ साली ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि त्यात वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ नेमले जाऊ लागले. रुग्ण वृद्धाश्रमात पाठवायचा की घरी, हे ठरवण्याआधी त्याची शरीराची, मनाची आणि घरच्या परिस्थितीची पूर्ण तपासणी करायची, ही आज जगभर वापरली जाणारी पद्धत वॉरेन यांच्या त्या वॉर्डांतूनच आली आहे.

वॉरेन यांनी वेस्ट मिडलसेक्स कधी सोडलं नाही. १९६० मध्ये युरोपात प्रवास करताना मोटारीच्या अपघातात त्या गेल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये आज त्यांच्या नावाचा एक वॉर्ड आहे.