डॉ. बाबासाहेब आंबेडकर : व्यक्तीची कृती आणि समाजाची घडण

नागपुरात सदरहून सीताबर्डीकडे येताना संविधान चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा लागतो. त्यांच्या चरित्राकडे येथे आपण एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहू : सामाजिक घटनेचे स्पष्टीकरण व्यक्तींच्या कृतींवरून देता येते काय? मॅक्स वेबर यांच्या नावाशी निगडित असलेल्या या भूमिकेस पद्धतिशास्त्रीय व्यक्तिवाद म्हणतात.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. मनूने एकट्याने जाती निर्माण केल्या, हे मत त्यांनी त्यात नाकारले. जातीतच विवाह करण्याचे बंधन हा जातिसंस्थेचा गाभा आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही ते बंधन टिकविण्याची साधने होत, असे त्यांनी दाखविले. पुरोहितवर्गाने प्रथम स्वतःची दारे लावून घेतली, इतरांनी अनुकरण केले आणि काहींना दारे बंद झालेली आढळली. समाज सुट्या व्यक्तींचा नव्हे, तर वर्गांचा बनलेला असतो, हे त्यांचे ठाम प्रतिपादन होते. म्हणून त्यांना व्यक्तिवादी म्हणता येणार नाही, हे ध्यानात घ्या.

तथापि त्यांच्या चळवळीत व्यक्तीच्या कृतीला असलेले स्थानही पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि त्यांच्या पाठोपाठ हजारोंनी घेतले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. त्यानंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखोंच्या समुदायाला दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

हे धर्मांतर एकट्या बाबासाहेबांनी घडविले असे म्हटले, तर आपण त्यांनीच नाकारलेल्या तर्काकडे परततो. एका माणसाच्या आज्ञेने जात निर्माण होत नाही, तशी ती मोडतही नाही. त्या दिवशीच्या २२ प्रतिज्ञांचे व्याकरण पाहा. समुदाय लाखोंचा होता. क्रियापद मात्र प्रथमपुरुषी एकवचनी होते. समूहाने लादलेले बंधन समूहानेच मोडले, पण प्रत्येकाला ते स्वतःच्या तोंडाने मोडावे लागले.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखादी रूढी निवडा. ती कोणत्या समूहाने सुरू केली, इतरांनी का स्वीकारली आणि ती मोडण्यासाठी व्यक्तीला काय करावे लागेल, ते लिहा.