नावाविना कबर : नोकुतेला आणि जॉन डुबे



प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आपल्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटते. रोम सोडावे लागल्यामुळे ही दोघे करिंथात आली, तंबू करण्याचा व्यवसाय करीत राहिली, पुढे इफिसास गेली आणि अपुल्लोसारख्या विद्वानालाही त्यांनी देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून दिला. नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा येतो. त्यांपैकी चार ठिकाणी आपल्याकडील आधुनिक आवृत्त्यांच्या मूळ ग्रीक पाठात पत्नीचे नाव आधी आहे. हा क्रम भाषांतरकाराने आपल्या सोयीने बदलावयाचा नसतो. कारण दोघांनी केलेल्या सेवेत कोणाचे नाव लिहिले जाते आणि कोणाचे गळते, ही किरकोळ बाब नव्हे. ज्या दांपत्याचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे, त्याची कथा बहुतांशी याच प्रश्नाची कथा आहे.

दक्षिण आफ्रिकेतील जॉन लांगालिबालेले डुबे हे नाव जगाला ठाऊक आहे. आज आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. त्यांची पहिली पत्नी नोकुतेला हिचे नाव मात्र जवळजवळ शंभर वर्षे तिच्या स्वतःच्या कबरीवरही नव्हते.

या दोघांशी आपले एक जुने नाते आहे. अमेरिकन बोर्ड या नावाने प्रसिद्ध असलेल्या ज्या मिशनरी संस्थेचे सेवक १८१३ साली मुंबईस उतरले आणि ज्यांच्या श्रमांतून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, त्याच संस्थेने १८३५ साली झुलू लोकांत काम सुरू केले. डर्बन शहराजवळील इनांडा हे त्या मिशनचे एक प्रमुख ठाणे. तेथे १८६९ साली मुलींसाठी निवासी शाळा निघाली आणि १८८३ साली संपूर्ण पवित्र शास्त्र झुलू भाषेत छापून प्रसिद्ध झाले. म्हणजे अहमदनगर आणि इनांडा या एकाच घरच्या दोन लेकी म्हणावयास हरकत नाही.

जॉन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८७१ रोजी इनांडा येथे झाला. त्यांचे वडील रेव्ह. जेम्स डुबे हे त्या मिशनने दीक्षा दिलेल्या पहिल्या आफ्रिकी पाळकांपैकी एक होते. नोकुतेला म्दिमा यांचा जन्म १८७३ सालचा. त्याही ख्रिस्ती घराण्यातील, इनांडाच्या मुलींच्या शाळेत शिकलेल्या. तेथे आयडा बेल विल्कॉक्स या मिशनरी बाई त्यांच्या शिक्षिका होत्या. १८८२ साली, वय जेमतेम नऊ वर्षांचे असताना, आपल्या घराविषयी नोकुतेलांनी लिहिलेला एक छोटा निबंध या बाईंच्या गावच्या, म्हणजे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या नॉर्थफील्ड येथील, वृत्तपत्रात छापून आला. नोकुतेला स्वतः अमेरिकेस पोहोचण्याच्या चौदा वर्षे आधी त्यांचे शब्द तेथे पोहोचले होते.

जॉन पहिल्यांदा अमेरिकेस गेले ते १८८७ साली, विल्कॉक्स दांपत्याबरोबर, एकटेच. ओहायो राज्यातील ओबर्लिन येथे त्यांनी शिक्षण घेतले आणि पडेल ते काम करून पोट भरले. पुढे प्रकृतीने साथ दिली नाही आणि १८९२ साली ते पदवीवाचून मायदेशी परतले. १८९४ च्या जानेवारीत त्यांचा आणि नोकुतेलांचा विवाह झाला. लग्नानंतर ही दोघे शहरात स्थायिक न होता इंक्वाडी नावाच्या दूरच्या भागात आपल्याच ज्ञातिबांधवांमध्ये सुवार्तेचे काम करू लागली. परंतु हाती असलेले शिक्षण अपुरे आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १८९६ साली त्यांनी पुन्हा समुद्र ओलांडला. या खेपेस दोघे बरोबर होती.

वाचकहो, हे जोडपे कोणत्या अमेरिकेत उतरले, याचा थोडा विचार करा. त्याच वर्षाच्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी आगगाडीचे वेगवेगळे डबे ठेवण्यास मान्यता दिली होती. गुलामगिरी संपून तीस वर्षे झाली होती, परंतु भेदभावाला आता कायद्याचे कवच मिळाले होते. नोकुतेलांचे वय तेव्हा तेवीस आणि जॉन यांचे पंचवीस. ब्रुकलिन येथील युनियन मिशनरी ट्रेनिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत ती दाखल झाली. ब्रुकलिन तेव्हा अजून स्वतंत्र शहर होते. न्यूयॉर्कमध्ये ते १८९८ साली समाविष्ट झाले. इनांडाच्या हिरव्या टेकड्या सोडून आलेल्या या तरुण दांपत्याने त्या अवाढव्य, धुराने भरलेल्या वस्तीत तीन वर्षे काढली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नोकुतेलाबाई तेथे पतीचा संसार सांभाळावयास म्हणून गेल्या नव्हत्या. त्याही शिकावयास गेल्या होत्या. जॉन पाळकपदाच्या तयारीत असता त्या संगीत आणि गृहशास्त्र यांचा अभ्यास करीत होत्या. शिक्षणाबरोबरच दोघे ठिकठिकाणच्या मंडळ्यांतून जाऊन आपल्या लोकांची स्थिती सांगत आणि मायदेशी काढावयाच्या शाळेसाठी वर्गण्या जमवीत. जॉन भाषण करीत; नोकुतेलाबाई बोलत आणि गातही असत. १८९७ साली जॉन यांनी अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभारलेली संस्था पाहिली. एकेकाळच्या गुलामाने आपल्या लोकांसाठी, त्यांच्याच हातांनी विटा भाजून उभी केलेली ती शाळा पाहून पुढच्या कामाचा नकाशा त्यांच्या मनात पक्का झाला. १८९९ साली ब्रुकलिनमध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी दोघे स्वदेशी परतली.

परदेशी शिकून तेथेच राहण्याचा मोह कोणाला होत नाही? अमेरिकेत त्यांना मित्र मिळाले होते, सभांतून मान मिळत होता. मायदेशी मात्र गोऱ्या राज्यकर्त्यांचा संशय आणि रिकामी तिजोरी त्यांची वाट पाहत होती. तरीही ती परतली आणि १९०१ साली इनांडाजवळ ओहलांगे येथे त्यांची शाळा उभी राहिली. आफ्रिकी माणसांनी स्वतः स्थापिलेली आणि स्वतः चालविलेली ती त्या देशातील पहिल्या शिक्षणसंस्थांपैकी एक होय. मुले तेथे पुस्तकी शिक्षणाबरोबर हातांचे उद्योगही शिकत. नोकुतेलाबाई संगीत, शिवण आणि स्वयंपाक शिकवीत. ब्रुकलिनमध्ये मिळविलेले सारे त्यांनी या मुलांच्या ओंजळीत घातले. १९०३ साली दांपत्याने झुलू व इंग्रजी भाषांतून इलांगा लासे नाताल हे वृत्तपत्र सुरू केले. नाताळ प्रांताचा सूर्य असा त्या नावाचा अर्थ. १९११ साली झुलू गीतांचा संग्रह दोघांच्या श्रमांतून प्रसिद्ध झाला.

ओहलांगेपासून जवळच फिनिक्स येथे गांधीजींनी १९०४ साली आपला आश्रम वसविला. १९१२ च्या नोव्हेंबर महिन्यात आपले गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असता गांधीजींसमवेत ओहलांगेच्या शाळेत गेले आणि डुबे यांना भेटले. त्याच वर्षाच्या जानेवारीत ब्लूमफाँटेन येथे आफ्रिकी पुढाऱ्यांची परिषद भरून नवी राष्ट्रीय संघटना जन्मास आली होती आणि सभेस स्वतः हजर नसतानाही जॉन डुबे यांची अध्यक्षपदी निवड झाली होती. १९१३ साली आफ्रिकी लोकांचा जमीन घेण्याचा हक्क हिरावणारा कायदा झाला, तेव्हा १९१४ साली त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी लंडनला गेलेल्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनीच केले.

बाहेर कीर्ती अशी वाढत असता घर आतून खचत होते. या दांपत्याला मूल झाले नाही. अपत्यहीन स्त्रीकडे पाहण्याची समाजाची नजर कशी असते, हे आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको. झुलू समाजातही ती निराळी नव्हती. आणि मग ते घडले, जे चरित्रकार पुष्कळदा दोन ओळींत उरकतात. आपल्याच शाळेतील एका विद्यार्थिनीस जॉन यांच्यापासून दिवस गेले. चौकशी झाली. जी मुलगी आईबापांनी विश्वासाने शाळेत पाठविली होती, तिच्या बाबतीत हे घडावे, ही गोष्ट कोणत्याही थोरवीने झाकता येण्याजोगी नाही. नोकुतेलाबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि नाताळ प्रांत सोडून ट्रान्सवालमध्ये राहू लागल्या. जिच्यासाठी त्यांनी अमेरिकेतील सभागृहांतून गाऊन पैसा उभा केला, ती शाळा मागे राहिली. १९१७ च्या जानेवारीत, मूत्रपिंडाच्या विकाराने, जोहान्सबर्ग येथे त्यांचा अंत झाला. वयाची पंचेचाळिशीही त्यांनी पाहिली नाही.

ब्रिक्स्टन येथील दफनभूमीत त्यांना पुरले. कबरीवर नाव नव्हते. तेथील नोंदवहीत एक क्रमांक आणि काळ्या ख्रिस्ती माणसासाठी गोऱ्यांनी योजिलेला एक अपमानास्पद शब्द, एवढीच त्यांची ओळख उरली. ख्रिस्ती हे नाव आणि मनुष्याचा अवमान करणारी शिवी एकाच ओळीत लिहिताना त्या कारकुनाचा हात थरथरला नाही, ही गोष्ट आपल्या सर्वांच्या चिंतनाची आहे.

जॉन यांनी १९२० साली अँजेलिना खुमालो यांच्याशी विवाह केला. त्यांना मुलेबाळे झाली. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या झुलू कादंबरीने त्या भाषेच्या वाङ्मयात मानाचे स्थान मिळविले. १९३६ साली साऊथ आफ्रिका विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. ११ फेब्रुवारी १९४६ रोजी, आपल्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, ते निवर्तले. २७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातील पहिले मत देण्यासाठी ओहलांगेची शाळा निवडली आणि त्या दिवशी ते जॉन यांच्या समाधीपाशी गेले. तो क्षण जगाने पाहिला. नोकुतेलाबाईंची आठवण तेव्हा फारच थोड्यांना असावी.

ती आठवण परत आणली ती शेरीफ कैटा या मालीत जन्मलेल्या प्राध्यापकाने. ज्या नॉर्थफील्ड गावी नऊ वर्षांच्या नोकुतेलांचा निबंध छापला गेला होता, तेथीलच कार्लटन महाविद्यालयात ते शिकवीत होते. डुबे आणि विल्कॉक्स घराण्यांचा इतिहास शोधता शोधता ते या विस्मृत स्त्रीपर्यंत पोहोचले, तिची कबर त्यांनी शोधून काढली आणि तिच्यावर एक चित्रपट केला. २०१३ साली त्या कबरीवर नावाचा दगड बसविण्यात आला. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेच्या शासनाने नोकुतेला डुबे यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी.

वाचकहो, या कथेतून जॉन डुबे यांना खाली ओढण्याचा हेतू नाही. त्यांचे ऋण त्यांच्या देशावर मोठे आहे. परंतु पवित्र शास्त्राने दावीद राजाची स्तोत्रे जपली, तसा नाथान संदेष्ट्याचा प्रसंगही जपला; एकासाठी दुसरा गाळला नाही. आपणही चरित्रे लिहिताना व वाचताना तेवढे प्रामाणिक असावे.

आज आपल्या मंडळ्यांतून कितीतरी तरुण जोडपी उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात. निरोपाच्या प्रार्थनासभेत आपण बहुधा एकाच्या अभ्यासासाठी प्रार्थना करतो आणि दुसरीला केवळ सोबत म्हणून आशीर्वाद देतो. पुढे काम उभे राहते, संस्था निघते, आणि कोनशिलेवर एकच नाव कोरले जाते. ब्रुकलिनच्या त्या तीन वर्षांत दोघे एकाच बाकावर बसून शिकत होती, एकाच व्यासपीठावरून बोलत होती. त्या समतेतून ओहलांगे जन्मास आले. ती समता घरात टिकली नाही, तेव्हा त्याची किंमत एका स्त्रीने आणि एका कोवळ्या मुलीने मोजली. त्या मुलीचे नाव आजही या कथेत येत नाही.

म्हणून जी जोडपी सध्या दूरदेशी आपले बिऱ्हाड मांडीत आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करताना दोघांची नावे घ्या. तिचा अभ्यास काय, तिची देणगी कोणती, तिला काय उभे करावयाचे आहे, हेही पत्रातून विचारा. आणि आपल्या मंडळीच्या जुन्या दप्तरात एखाद्या पाळकाच्या नावापुढे केवळ सपत्निक एवढाच शब्द आढळला, तर त्या पत्नीचे नाव सांगू शकेल असा कोणी वृद्ध सभासद हयात आहे तोवर त्याच्याकडून ते विचारून लिहून ठेवा. प्रिस्किल्लेचे नाव कोणीतरी असेच जपून लिहिले, म्हणून आज ते आपल्या हाती आहे.